पत्र्याखालचा पाहुणा

सिंह झोपला होता, अशी तक्रार होती. आता भर दुपारी दीड वाजता सिंहाने काय करायचं, कवायत? पण नाही. कुठल्याशा बाईने फॉर्मवर लिहिलं होतं, "सिंह दिसला, पण तो काहीच करत नव्हता." आणि वर ड्रायव्हरचं नाव लिहायच्या जागेवर, चांगल्या ठसठशीत अक्षरात, कोइनेत. म्हणजे सिंहाला झोप लागली ती माझ्या नवऱ्यामुळे.

कोइनेत बारा वर्षं कॅम्पची गाडी चालवत होता. वरचं छप्पर उघडतं ना, तसली हिरवी गाडी. पाहुणे चार दिवस राहतात, मारा नदीपर्यंत धूळ खात फिरतात आणि निघताना कॅम्पवाले त्यांच्या हातात एक फॉर्म देतात. काय आवडलं, निराशा कशाने झाली, पुन्हा यावंसं वाटेल का. त्याची एक प्रत ड्रायव्हरला मिळते, त्याने सुधारणा करावी म्हणून. सुधारणा म्हणे! जिराफ फार लांब उभा होता असं कोणी लिहिलं, तर ह्याने जिराफापाशी जाऊन सांगायचं का, की बाबा, जरा उजेडाच्या बाजूला सरक?

सुट्टीला घरी आला की तो ते फॉर्म गाडीच्या खणातून काढून आणायचा, स्वतःच्या बुटक्या स्टुलावर बसायचा आणि एकेक वाचून दाखवायचा. मी सहावीपर्यंत शिकलेली आहे, मलाही वाचता येतं. पण त्याला स्वतःच वाचायचं असायचं. पुढ्यातली मक्याच्या पिठाची उगाली थंड होऊन दगड व्हायची, तरी ह्याचं चालूच.

"ऐक. 'नदीकाठी पाच तास थांबलो, एकाही विल्डबीस्टने नदी ओलांडली नाही.'"

"मगरी बसल्या होत्या ना पाण्यात?"

"सतरा."

"मग शहाणे आहेत विल्डबीस्ट. जेवा आता."

"हे ऐक. 'झेब्रे फार होते.'"

"देवा रे!"

"आणि ही ती बाई. चित्त्याने हरणाचं पिल्लू धरलं तेव्हा रडली होती. लिहिते, 'ड्रायव्हर गाडीतून उतरून काही करू शकला असता.'"

म्हणजे सिंहाने काही केलं नाही तर बोंब, आणि चित्त्याने काही केलं तरी बोंब. बरं, सगळेच असे असतात असंही नाही. एका जपानी म्हाताऱ्याने लिहिलं होतं, "बिबट्याची फक्त शेपटी दिसली. मला ती जन्मभर पुरेल." तो कागद कोइनेतने खिशात इतका बाळगला की घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले. पण असा माणूस बारा वर्षांत एक. बाकीच्यांना पुस्तकातला प्राणी हवा असतो, जो त्यांच्या नाश्त्यानंतर आणि जेवणाआधी शिकार करतो.

आणि जंगलाने निराशा केली की त्यांना आमच्याकडे आणतात. फिरण्याच्या यादीत शेवटची ओळ आमची असते, 'खरं गाव, एक तास.' पुरुषांनी उड्या मारायच्या, आम्ही बायकांनी गाणं म्हणायचं, मण्यांचे हार पुढे करायचे, एखाद्या घरात वाकून नेऊन चूल दाखवायची. आम्ही करतो. चेष्टा करत करत करतो, पण करतो. त्यांच्यातला कोणी उडी मारायला गेला आणि पडला की गाण्याच्या मध्येच आम्ही त्याच्या नावाने दोन शब्द घुसवतो. तो टाळ्या वाजवतो.

तर गेल्या ऑगस्टमध्ये एक फॉर्म आला. कोइनेतने तो मला वाचून दाखवला नाही. सगळे वाचले आणि एक मांडीखाली सरकवला.

"तो कसला?"

"काही नाही गं."

मी ओढून घेतला. लिहिलं होतं, "गाव सुंदर, पण मधोमध पत्र्याचं घर आणि काळी प्लॅस्टिकची टाकी. एकही फोटो धड आला नाही. हे काही खरं मसाई घर नव्हे. फार निराशा झाली."

ते घर माझं.

माझं म्हणजे माझंच. आमच्यात घर बाई बांधते. खांब तिने आणायचे, फांद्या तिने विणायच्या, माती-शेण-राख कालवून लिंपायचं तिने, आणि गळायला लागलं की भर पावसात वर चढून शेणाचा गोळा थापायचा तोही तिनेच. गुरं पुरुषांची, बाहेरचं काटेरी कुंपण पुरुषांचं, फुशारकी तर सगळी पुरुषांचीच. नवरा दारातून वाकून आत येतो, तेव्हा त्याचं स्वतःचं असं एक स्टूल असतं बुडाखाली. तेवढंच.

लग्नाला सोळा वर्षं झाली. त्यातली चौदा वर्षं मी शेणाच्या छपराखाली काढली. रेसियातो जन्मली त्या पावसात मी तिला पोटाशी धरून कोपरे बदलत होते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मग आम्ही बायकांनी गट केला. सगळ्यांनी मिळून मणी ओवायचे, विकायचे आणि त्या पैशातून दर वर्षी मोठ्या पावसाच्या आधी एकीच्या घरावर पत्रा चढवायचा. पण पहिली पाच वर्षं गटातल्या बाहेरगावच्या बायकांचे नंबर लागले. आमच्या गावात पहिला नंबर माझा. माझ्या बोटांना त्या सुईने अजून घट्टे आहेत. पत्र्याला पन्हळ लावली, पन्हळीतून नळी, नळीखाली टाकी. त्याआधी माझी रेसियातो उजाडायच्या आधी डबा घेऊन नदीवर जायची, यायला जायला अडीच तास, वाटेत हत्ती उभे असले तर तीन. रोज शाळेत उशीर, रोज दाराबाहेर उभी. टाकी आल्यापासून पोरगी एक दिवस उशिरा गेली नाही, आणि यंदा वर्गात दुसरी आली.

आणि कोण ती बाई, एक तास आली, चहा प्यायली माझा, त्याच टाकीच्या पाण्याचा, आणि म्हणते निराशा झाली.

मी तो फॉर्म चुलीत घातला. कोइनेत म्हणाला, "अगं, कॅम्पमध्ये दुसरी प्रत असते."

दुसरी प्रत होतीच. पुढच्या आठवड्यात मॅनेजर आला. ओडेरा त्याचं नाव. खाकी कपड्यांना अशी इस्त्री की बसताना घडी मोडेल म्हणून बसत नाही. जंगलात राहून ह्याच्या बुटांना धूळ लागत नाही, हे कसं जमतं देव जाणे. तो माझ्या घराकडे बघत बघत सरळ झाडाखाली पुरुषांपाशी गेला. तिथे कोइनेत आणि त्याच्याच तुकडीतले, म्हणजे एकाच वर्षी विधी होऊन पुरुष झालेले, पाच जण बसले होते. बायकांना कोणी बोलावलं नाही. आम्ही बसलो मणी ओवत, ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

ओडेरा म्हणाला, "हे बघा, मला स्वतःला पत्र्याचं काही नाही. माझ्या आईच्या घरावरही पत्रा आहे. पण पाहुणा इतक्या लांबून येतो तो पत्रा बघायला का?"

मला विचारावंसं वाटलं, मग तुझ्या आईच्या घरी ने की त्यांना, लिंपायला लाव तिला. पण नासिएकूने माझ्या मांडीला चिमटा काढला. नासिएकू माझी शेजारीण, आमच्यात वडीलधारी, दिवसभर तपकीर ओढते आणि सगळ्यांचं ऐकून घेते.

ओडेराचं म्हणणं थोडक्यात असं, की ते छप्पर झाकायचं. नाहीतर कॅम्प पाहुण्यांना नदीपलीकडच्या गावात नेईल, तिथे सगळी घरं 'खरी' आहेत. आणि कोइनेतचे फॉर्म तसेही फारसे बरे नाहीत, तेव्हा त्याला पाहुण्यांच्या गाडीवरून काढून सामानाच्या लॉरीवर टाकावं लागेल. हे तो इतक्या गोड आवाजात म्हणाला, जणू लॉरी म्हणजे बढती.

कोइनेत माझ्याकडे न बघता म्हणाला, "होईल साहेब."

होईल! ज्याला घराचा एक खांब कुठून आणला ते माहीत नाही, तो माझं छप्पर देऊन मोकळा.

त्या संध्याकाळी तो दारात घुटमळला. गाईच्या पायाचं विचारलं, रेसियातोच्या वहीचं विचारलं. शेवटी मीच म्हटलं, "बोला. तोंडात काय अडकलंय?"

"वरून फक्त शेणाचा हात फिरवायचा गं. दिसायला. खाली पत्रा तसाच राहील."

"कोण फिरवणार?"

"तू... म्हणजे तुम्ही बायका. तुम्हाला येतं."

"आम्हाला येतं म्हणून चौदा वर्षं केलं, आणि कंटाळा आला म्हणून पत्रा घातला. एकही बाई त्या शेणाला हात लावणार नाही. विचारा जाऊन."

"अगं, लॉरीवर टाकतील मला! बारा वर्षं पाहुण्यांची गाडी चालवली मी. लोक बघतात. पोत्यांचा ड्रायव्हर म्हणतील."

"पोती तक्रार करत नाहीत, रेसियातोच्या बाबा."

"तुला चेष्टा सुचतेय. चार दिवसांचं तर शेण. पाऊस आला की आपोआप धुऊन जाईल."

"धुऊन कुठे जाईल?"

त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, समजलं त्याला. चूक झाली माझी. त्याला समजलेलं नव्हतं, त्याला फक्त बोलायचं नव्हतं.

गुरुवारी आमचा बाजार असतो. आम्ही सगळ्या बायका पहाटे निघालो, दुपारी तीनला परतलो. वळणावरून गाव दिसलं आणि नासिएकू उभीच राहिली. म्हणाली, "सियानोई, तुझं घर कुठे गेलं गं?"

घर होतं तिथेच. पण त्याच्यावर शेण होतं. शेण म्हणजे हात फिरवलेलं नव्हे, चार-चार बोटं जाडीचे थर. सहा कर्ते पुरुष, ज्यांच्यापैकी प्रत्येकजण सिंहाशी आपण काय केलं होतं ते दरवेळी थोडं वाढवून सांगतो, ते सहाही जण कोपरापर्यंत हिरवे होऊन रांगेत उभे होते. लेमेकीच्या, म्हणजे नासिएकूच्या नवऱ्याच्या, कानाच्या लोंबत्या पाळीतही शेण. जन्मात कधी भिंतीला बोट लावलेलं नाही. माती नाही, राख नाही, खाली एक काडी नाही. गोठ्यातलं ताजं शेण उचललं आणि गुळगुळीत पत्र्यावर थापलं. आमच्याकडे पाच वर्षांची पोर भातुकलीतलं घर लिंपते, तिलाही कळतं की असं चिकटत नाही.

मला इतकं हसू आलं की डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं लागलं. सगळ्याच हसत सुटलो. नासिएकूने लेमेकीभोवती एक फेरी मारली, नाकाला अंगावरचं कापड लावलं आणि म्हणाली, "सुंदर झालंय हो. आता उद्यापासून पोरांचे कपडे धुवायलाही शिका."

"चेष्टा पुरे," लेमेकी म्हणाला. "दिसतंय की नाही खरं?"

दिसत होतं, ते मान्य करायला हवं. उन्हाने वरून सुकून छान करडं झालं होतं. टाकीवर त्यांनी गाईची दोन कातडी आणि अंगावर घ्यायचा लाल शुका टाकून तिचा ढीग केला होता. आणि म्हणूनच नळी टाकीत तशीच सोडलेली दिसली नाही. मला दिसली नाही, कोणालाच दिसली नाही. हसण्यात ते राहून गेलं, आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

सहा पाहुणे होते, मागच्या गाडीतून खुद्द ओडेरा, गावाचं नवं रूप पाहायला. पाहुण्यांचा दिवस वाईट गेला होता, तोंडांवरूनच कळत होतं. गेंडा दिसला नव्हता. फुग्यातून आकाशात फिरणं धुक्यामुळे रद्द झालं होतं. एक लालबुंद गृहस्थ त्या दिवशीच्या बदली ड्रायव्हरशी बोलतच नव्हता. पण माझं घर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने कॅमेरा काढला. "हे बघ," बायकोला म्हणाला, "हे खरं आहे." ओडेराने कोइनेतच्या पाठीवर थाप मारली, मग हात बघितला आणि रुमालाने पुसला.

आम्ही गाणं सुरू केलं. ज्या छपरासाठी बोटं झिजवली त्याच्यापुढे उभं राहून, ते नाहीच असं दाखवत मी नाचत होते. हसू कधीच ओसरलं होतं. कोइनेत माझ्याकडे बघून मान हलवत होता, झालं ना सगळं नीट, अशी. एक लाथ घालावीशी वाटली.

मारा नदीच्या भागात दुपारनंतर पाऊस कधीही येतो, त्याला कोणाचा कार्यक्रम माहीत नसतो. दुसरं गाणं संपायच्या आत ढग आले आणि धो धो कोसळायला लागला. पाहुणे पळाले, वाट्टेल त्या घरात घुसले, आणि तितक्याच वेगाने ओले होऊन बाहेर आले, कारण खरी घरं खरोखरच गळतात. शेवटी सगळे माझ्या घरात. सहा पाहुणे, आठ बायका, दोन वासरं. लालबुंद गृहस्थ वर बघून म्हणाला, "हे बरं गळत नाही!" दारात, पुढच्या वळचणीखाली, ओडेरा आणि कोइनेत उभे होते.

आधी एक आवाज आला, म्हैस पाण्यातून उठावी तसा. मग छपराची ती सगळी बाजू एकदम सुटली. घसरत आली ती थेट दारावर. ओडेराची इस्त्री, बूट, टोपी, सगळं एका झटक्यात गेलं. कोइनेत तर दिसेनासाच झाला, फक्त डोळे तेवढे मिचमिचत होते. पत्रा वर लखलखीत उघडा. पाहुणे काय ओरडले! टाळ्या, शिट्ट्या. सहाही कॅमेरे दारात. लालबुंद गृहस्थाने डोळे पुसत मला विचारलं, "हे रोज असतं का?"

मला वाटलं, सूड झाला. देवाने वरूनच फॉर्म भरला. मीही हसले.

आणि मग मागच्या बाजूने दुसरा आवाज ऐकला. तिकडचं शेण पन्हळीत उतरत होतं. पन्हळीतून नळीत, नळीतून टाकीत. गड् गड् गड्.

मी पाहुण्यांना ढकलून बाहेर धावले. नळी उपटायला गेले तर तिच्यावर कातडं, कातड्यावर दोरी, दोरीला गाठ. ओल्या बोटांनी ती गाठ सुटेपर्यंत सगळं संपलं होतं. मी टाकीचा नळ उघडला. हिरवट, जाड पाणी आलं. हातात धरलं तर वास. अख्खी भरलेली टाकी, पुढच्या मोठ्या पावसापर्यंतची. शुक्रवारी पहाटे माझी पोरगी पुन्हा डबा घेऊन नदीवर जाणार.

कोइनेत माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने त्या पाण्याकडे पाहिलं. पावसाने त्याचं तोंड धुतलं जात होतं.

"धुऊन कुठे जाईल, असं विचारलं होतं मी," मी म्हटलं.

मी आत गेले, त्याचं स्टूल उचललं आणि बाहेर पावसात ठेवलं. एवढंच केलं, भांडले नाही. नासिएकूने ते बघितलं, तपकिरीची डबी कमरेला खोचली, तिच्या घरात गेली आणि लेमेकीचं स्टूल आणून माझ्या घराशेजारी ठेवलं. मग तिसरीने. अर्ध्या तासात सहा स्टुलं रांगेने पावसात भिजत होती. आता हे पुरुष कोणाकडे जाणार? प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या बाईचं. पाहुण्यांनी त्या स्टुलांचेही फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आले. ओडेरा स्वतः घेऊन आला, नवी इस्त्री करून. आनंदाने नाचायचा बाकी होता. "ऐका! 'गेंडा नाही, फुगा नाही, सिंह झोपलेला. पण त्या गावाने सगळी भरपाई केली.' पाच तारे! सहाच्या सहा जणांनी पाच तारे!" त्याने पुरुषांना गोळा केलं. "आता हेच ठेवायचं. दर गुरुवारी. सकाळी तुम्ही लिंपायचं, पाहुण्यांसमोर. पाऊस नसेल तर कॅम्पमधून पाण्याचा पंप आणू. कोइनेत, तू पाहुण्यांच्या गाडीवर कायम. नवी गाडी देतो."

मी दारातच होते. भीती वाटत होती, खोटं का सांगू. नवी गाडी म्हणजे कोइनेतचं बारा वर्षांचं स्वप्न. लिंपायला तर हे सहाजण दर गुरुवारी तयार होतील, मला माहीत होतं. एकदा टाळ्या मिळाल्या की पुरुष काहीही लिंपतील. मी एकटी किती दिवस नळी उपटत बसणार?

कोइनेत आपल्या स्टुलावर बसला होता, बाहेर, उन्हात. रात्री तो वासरांच्या खोपट्यात झोपला होता, केसांत गवत होतं. पहाटे त्याने रेसियातोला डबा घेऊन जाताना बघितलं होतं, आणि शाळेची घंटा झाल्यावर परत येताना बघितलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "ते छप्पर माझं नाही."

"म्हणजे?"

"जिचं आहे तिला विचारा. मी आधी विचारायला हवं होतं, आता तुम्ही विचारा."

ओडेराने माझ्याकडे पाहिलं. तोंडभर हसला. "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

"तुमच्या आईचा पत्रा कुठल्या गावी आहे, साहेब?" मी म्हटलं. "पत्ता द्या. आम्ही आठजणी येऊन लिंपून देतो. पंप तुम्ही आणा."

त्याचं हसू गेलं. तो कोइनेतकडे वळला. "मग लॉरी."

"लॉरी द्या," कोइनेत म्हणाला.

पाहुणे आता नदीपलीकडे जातात. तिकडच्या बायकांनीही गट केलाय म्हणे, पुढच्या वर्षी पहिला पत्रा चढतोय. ओडेराला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि आम्हीही सांगणार नाही.

कोइनेत आठवडाभर टाकीत उतरत होता. वरच्या तोंडातून खांदे आत जात नव्हते, तरी कुथत कुथत घुसायचा आणि आतून घासायचा. पोरं बाहेरून टाकी वाजवायची. घासून झाल्यावर लॉरीतून पिंपांनी पाणी आणून भरलं, तीन खेपा. मी पाणी घेतलं. त्याला घेतलं नाही. बाकीच्या पाचजणांची स्टुलं एव्हाना आत गेली होती, लेमेकीचं तर चौथ्या दिवशीच, कारण त्याला खोकला झाला आणि नासिएकूचं मन तेवढं घट्ट नाही. माझं आहे.

दहाव्या दिवशी तो लॉरी लावून आला आणि स्टुलावर बसला. जुन्या गाडीच्या खणातली उरलीसुरली चीजवस्तू त्याने एका पिशवीत आणली होती. तिच्यात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा होता. मी त्यातला एक काढला, पेन शोधलं आणि दोन्ही त्याच्या मांडीवर टाकलं.

"हे काय?"

"सोळा वर्षं उतरलात माझ्या घरी. इतरांचे वाचून दाखवलेत. आता तुमचा भरा."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेनचं टोपण दातांनी काढलं. लिहायला त्याला फार वेळ लागला. जीभ बाहेर काढून लिहितो तो, पोरांसारखा. मी आत चहा ठेवला आणि दारातून बघत राहिले. शेवटी त्याने कागद माझ्या हातात दिला आणि गाईंकडे बघत बसला.

पाहुण्याचं नाव, कोइनेत. मुक्काम, सोळा वर्षं. काय आवडलं, त्याखाली लिहिलं होतं, "चहा. छप्पर गळत नाही." निराशा कशाने झाली, त्याखाली, "यजमानीण चांगली होती. पाहुणा वाईट होता."

मी ते दोनदा वाचलं. खाली शेवटचा प्रश्न होता, पुन्हा यावंसं वाटेल का. तिथे काहीच नव्हतं.

"हे का रिकामं सोडलंत?"

"ते मी कसं भरणार?" तो म्हणाला. "घर तुझं."

चहा उतू जायला आला होता. मी त्याला उठवलं आणि वाकून त्याचं स्टूल हातात घेतलं. स्टुलाच्या पायांना अजून त्या गुरुवारचं शेण वाळून चिकटलेलं होतं.

"आधी हे घासून आणा," मी म्हटलं, "मग आत या."